घर आता घ्यावं की थांबावं?

प्रेषक: संवाद समिती
विषय: घर आता घ्यावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीतल्या आयसलिनच्या एका सभासद ताईंचा प्रश्न खाली देत आहे. पैशाचा विषय असल्याने नेहमीप्रमाणे नाव दिलेलं नाही. उत्तर देणाऱ्यांनीही फक्त गावाचं नाव लिहिलं तरी चालेल.

नमस्कार,
आम्ही दोघं एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहोत. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, पण ग्रीन कार्डची रांग आमच्या जन्मात सरेल असं वाटत नाही. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये दोन बेडरूमचं अपार्टमेंट आहे, भाडं २,९०० डॉलर. लीज जूनअखेर संपतं आणि मुलगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. म्हणून सगळे म्हणतात की घ्यायचं तर आत्ताच घ्या.

एक टाउनहाउस मनात भरलंय. सव्वासहा लाख डॉलर सांगतात. आमच्याकडे साठलेले ९५ हजार आहेत. सांगलीला बाबांचा एक जास्तीचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. तो विकून साठेक लाख रुपये पाठवतो, म्हणजे २० टक्के डाउन पेमेंट पूर्ण होईल, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आईचं म्हणणं वेगळंच. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, त्यात वास्तुशांत नको, आणि २५ जुलैला आषाढी झाली की चातुर्मास. म्हणजे एकतर अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उरकायचं, नाहीतर जूनच्या उत्तरार्धात.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आम्ही झिलोवर (घरांच्या वेबसाइटवर) घरं बघत बसतो. व्याज उतरेल का, किमती उतरतील का, नोकरी टिकेल का, काहीच कळत नाही. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावं.

*

प्रेषक: सभासद, साउथ ब्रन्सविक
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं?

ताई, थांबू नका. व्याज उतरायची वाट बघणारे माझ्या ओळखीतले लोक अजून वाटच बघतायत. ज्यांचं कर्ज तीन टक्क्यांच्या आसपास आहे ते घर विकायला तयार नाहीत, म्हणून बाजारात घरंच कमी. व्याज उतरलं तर गिऱ्हाईक वाढेल आणि किंमत आणखी चढेल. व्याज नंतर रिफायनान्स करून, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडून, कमी करता येतं, दिलेली किंमत मात्र बदलत नाही. वडील मदत करतायत तर घ्या. आपल्याकडे सगळ्यांची घरं अशीच उभी राहिली.

*

प्रेषक: सभासद, एडिसन
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं?

आयसलिनच्या ताईंना सप्रेम नमस्कार.

मी या भागात खूप वर्षं राहते आहे आणि मंडळातल्या बऱ्याच जोडप्यांबरोबर घरं बघायला, वकिलाकडे, क्लोजिंगला (घर नावावर होतं त्या व्यवहाराला) गेले आहे. साउथ ब्रन्सविकच्या दादांचं बाजाराबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाजारात नाही. दोनच गोष्टी बघायच्या: या गावात निदान सहा-सात वर्षं राहणार आहात का, आणि दोघांपैकी एकाचा पगार थांबला तर सहा महिने हप्ता भरता येईल का. या दोन्हींना मनापासून हो म्हणता आलं की ती तुमची वेळ. मग व्याज काहीही असो.

व्याजाचं म्हणाल तर जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांचा फिक्स्ड दर सरासरी २.६५ टक्क्यांवर होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ वर गेला. पाच लाखांच्या कर्जाला पहिल्या दराने महिन्याला साधारण २,०१५ डॉलर पडतात, दुसऱ्या दराने ३,६००. एवढी उलथापालथ तीन वर्षांच्या आत झाली आणि ती कुणालाही आधी सांगता आली नव्हती. तेव्हा त्या अंदाजावर घर घेऊ नका आणि थांबूही नका. रिफायनान्सलाही खर्च येतो, आणि त्या वेळी नोकरी हातात असावी लागते.

आता तुमचं टाउनहाउस. सव्वासहा लाखांत २० टक्के भरलेत तर कर्ज पाच लाख. दर साडेसहा टक्के, जरा चढाच धरते. हप्ता ३,१६० डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स महिन्याला हजाराच्या आसपास धरा (आपल्या राज्याची सरासरी २०२४ मध्ये वर्षाला दहा हजारांच्या वर गेली आहे). एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) तीनशे, विमा दीडशे. सगळे मिळून ४,६०० च्या वर. म्हणजे आजच्या भाड्यापेक्षा सतराशे डॉलर जास्त, आणि गीझर फुटला तर तोही आता तुमचाच.

आणखी एक हिशोब कागदावर मांडून बघा, कारण एजंट तो मांडून दाखवत नाही. या कर्जावर पाच वर्षांत तुम्ही जवळजवळ १ लाख ९० हजार डॉलर भरता, त्यातलं मुद्दल फिटतं सुमारे ३२ हजार. बाकी सगळं व्याज. आणि घर विकायला काढलंत की कमिशन, ट्रान्सफर फी, वकील मिळून सहा टक्के धरले तरी साडेसदतीस हजार जातात. किंमत चढली तर प्रश्न नाही. पण ती तेवढीच राहिली आणि पाच वर्षांनी निघावं लागलं, तर फिटलेल्या मुद्दलापेक्षा विकण्याचा खर्च जास्त होतो. म्हणून मी वर्षं विचारते. पुढे कधी विकलंत, तर पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल टॅक्स नाही, हेही लक्षात असू द्या. तोही फायदा टिकून राहणाऱ्यालाच मिळतो.

शाळेसाठी घाई करायचं तर काहीच कारण नाही. भाड्याच्या घरातलं मूलही त्याच पब्लिक शाळेत जातं. फक्त पत्ता कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो ते बघा. आमच्या एडिसनमध्येच रस्ता बदलला की जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलऐवजी एडिसन हायस्कूल होतं. तुमची मुलगी १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षांची होत असेल तर यंदाच्या किंडरगार्टनमध्ये तिचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो.

लीजचंही तसंच. न्यू जर्सीत मोठ्या कॉम्प्लेक्समधल्या भाडेकरूला नुसतं लीज संपलं म्हणून बाहेर काढता येत नाही, त्याला कायद्यात ठरवून दिलेलं कारण लागतं. (घरमालक स्वतः राहतो अशा दोन-तीन बिऱ्हाडांच्या घराला हा नियम लागू नाही.) कॉम्प्लेक्सच्या ऑफिसला लेखी विचारा की जूननंतर महिन्या-महिन्याने राहिलो तर भाडं किती घ्याल. जास्त सांगतील. पण त्यांचा आकडा हातात असला की जून तुमच्या मानगुटीवर बसणार नाही.

माझा सल्ला असा. उद्यापासून घराची रंगीत तालीम सुरू करा. भाडं भरल्यावर दर महिन्याला सतराशे डॉलर वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. वर्षभर हे विनासायास जमलं तर हप्ता तुम्हाला झेपतो, शिवाय वीस हजार वाढलेले असतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओढाताण झाली, तर क्लोजिंगच्या आधीच कळलं.

आणि कधी का घ्याल, बोली कितीही चढली तरी इन्स्पेक्शन सोडू नका. जर्सीतल्या बऱ्याच जुन्या घरांत अंगणाखाली घर तापवायच्या तेलाची टाकी पुरलेली असते. ती गळकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च घरमालकाच्या गळ्यात, आणि तोवर घरमालक तुम्ही झालेले असता. एका घरी माणूस डिटेक्टर घेऊन हिरवळीवर फिरत होता आणि जास्वंदीच्या झुडपापाशी यंत्र वाजलं. बाजूच्या भिंतीवर बघितलं तर टाकीतून तेल आणायच्या दोन तांब्याच्या बारीक नळ्या कापून, ठोकून बंद केलेल्या. वरून गॅसचा बॉयलर नवाकोरा होता. त्या जोडप्याने ते घर सोडलं. तळघर असेल तर रेडॉनचीही (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) तपासणी करा, लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला तर पंखा बसवून घ्यायला सांगतात.

*

प्रेषक: सभासद, पूर्वी पिस्काटावे, आता डॅलस
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं?

एडिसनच्या काकूंनी नोकरीचा मुद्दा काढला, त्यावर थोडं लिहितो. नोकरी गेली की एच-१बी वाल्याला नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याची मुदत) त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. माझी नोकरी गेली तेव्हा जर्सीत काहीच जमेना, ऑफर आली ती इथली. आम्ही भाड्याने राहत होतो म्हणून कॉम्प्लेक्सशी बोलून, दंड भरून मोकळे झालो. माझ्याच टीममधल्या एकाचं नुकतं घेतलेलं घर होतं. तो इकडे एकटा आला, बायको-मुलं घर विकेपर्यंत तिकडे राहिली. त्या दोघांचे हाल मी जवळून पाहिलेत.

ताई, तुम्ही दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत असाल तर धोका निम्मा. एकाच कंपनीत किंवा एकाच क्लायंटवर असाल तर सहाऐवजी नऊ महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. आय-१४० मंजूर आहे ही मोठी जमेची बाजू. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील तर कंपनीने मागे घेतला तरी ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख तुमचीच राहते आणि नव्या कंपनीकडून व्हिसा वाढतो. पण ती नवी कंपनी कुठल्या गावात मिळेल हे तुमच्या हातात नसतं.

व्हिसावर असणाऱ्यांना मे २०२५ पासून एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज बंद झालं आहे, तेव्हा साडेतीन टक्के भरून घर घ्या असं कुणी सांगितलं तर तो रस्ता आता नाही. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं नेहमीचं कर्ज, मिळतं.

*

प्रेषक: सभासद, मेटचेन
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं? (सांगलीच्या पैशांबद्दल)

मी सीए आहे, इथेही टॅक्सचं काम करतो. फक्त तेवढ्यापुरतं लिहितो.

भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची अडचण नाही. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची आहे. भेट म्हणून पाठवलेल्या रकमेत दहा लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के कापते. आईबाबांनी तीस-तीस लाख पाठवले तर दोघांचे मिळून आठ लाख रुपये अडकतात. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हाताशी नसतात. त्याआधी फ्लॅटच्या नफ्यावरचा कर. म्हणजे साठ लाखांचे साठ लाख इथे पोचतील असं धरून डाउन पेमेंट ठरवू नका.

इथला लेंडर परतफेड नसल्याचं गिफ्ट लेटर मागतो, आणि दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स बघतो. पैसा कुठून आला याचा कागद प्रत्येक टप्प्यावर ठेवा. परदेशातून एका वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर शून्य, पण फॉर्म राहिला तर दंड भेटीच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. तुमची रक्कम त्याच्या आत दिसते, तरी सासरहूनही काही येणार असेल तर बेरीज करून बघा.

आणि हे सीए म्हणून नाही, एका मुलाचा बाप म्हणून लिहितो. त्या फ्लॅटचं भाडं बाबांना दर महिन्याला मिळतं. निवृत्तीनंतर त्या उत्पन्नाची किंमत तुम्हाला इथे बसून दिसते त्यापेक्षा खूप मोठी असते. ते स्वतःहून देतायत हे त्यांचं प्रेम. तुमची गरज खरंच तेवढी आहे का हे ठरवणं तुमच्याकडे आहे. २० टक्के नाही भरले तर पीएमआय (कर्जावरचा जादा विमा) लागतो इतकंच, आणि कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढून टाकायला सांगता येतं.

*

प्रेषक: सभासद, आयसलिन
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं?

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झिलो न उघडता काकूंचा हिशोब दोघांनी वहीत मांडला. ९५ हजारांतून सहा महिन्यांचे २८ हजार बाजूला काढले, क्लोजिंगचे पंधरा वजा केले, तर डाउन पेमेंटला ५२ हजार उरतात. सव्वासहा लाखांच्या घराला ते दहा टक्केसुद्धा होत नाहीत. सांगलीचा फ्लॅट विकला तरच हे घर होतं, आणि तो विकायचा नाही, हे आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं. बाबांना फोन केला. ते बराच वेळ आग्रह करत राहिले, पण नंतर आईच म्हणाली, राहू दे, त्या भाड्यात आपली औषधं होतात. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तर यंदा नाही. सतराशेचं ऑटो-ट्रान्सफर १ तारखेपासून लावलंय. ऑफिसला महिन्या-महिन्याच्या भाड्याबद्दल मेल गेली आहे. नवऱ्याचं आणि माझं काम वेगवेगळ्या कंपन्यांत आहे, पण क्लायंट एकच, त्यामुळे डॅलसच्या दादांचे नऊ महिने आम्ही धरून चालतोय. पुढच्या वसंतात परत बघू. आईला एवढं सांगितलं की पुढच्या वर्षी अधिक महिना नाही, त्यावर ती खूश आहे.

काकू, एकच विचारायचं राहिलं. लीज महिन्या-महिन्याचं झालं तर किंडरगार्टनच्या नोंदणीला अडचण येईल का?

*

प्रेषक: सभासद, एडिसन
विषय: उत्तर: घर आता घ्यावं की थांबावं?

नाही येत. शाळांच्या डिस्ट्रिक्टवाले सगळे पुरावे एकत्र बघतात. आत्ताच्या लीजची प्रत, वीजबिल, बँकेचं पत्र आणि ऑफिसकडून तुम्ही तिथेच राहता असं लिहून घेतलेलं पत्र ठेवा. मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागेल. डोस भारतात घेतले असतील तर तिथल्या कार्डावरून इथल्या डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्या, त्यालाच वेळ लागतो. नोंदणी कधी उघडते ते डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघा, आणि लीज चालू आहे तोवरच जाऊन या.