लॉकडाऊनमध्ये पडद्यावर पाहिलेली कला: या, अनुभव सांगा

निळी शाई
फोनची मेमरी भरली म्हणून काल जुने स्क्रीनशॉट उडवत बसले होते. २०२० च्या मे महिन्यातला एक समोर आला. काळपट तपकिरी भेगांचं जाळं आणि मध्ये एक पांढरा ठिपका. नवऱ्याला वाटलं, भिंतीला ओल आल्याचा फोटो आहे. तो रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्रातल्या एका माणसाचा डोळा होता!

आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तेव्हा ५२८ फोटो जोडून केलेली ४४.८ गिगापिक्सेलची प्रतिमा सगळ्यांना खुली केली होती. रात्री भांडी आवरली की मी त्यात घुसायचे. पिवळ्या झग्यातल्या मुलीच्या कमरेला कोंबडी उलटी टांगलेली आहे, तिच्या नख्यांपर्यंत पोचायला मला अख्खी रात्र लागली, कारण वाटेत दिसेल त्या कॉलरपाशी, दिसेल त्या भाल्यापाशी थांबत होते. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मी १६४२ सालच्या कोंबडीच्या नख्या बघतेय. तिथे प्रत्यक्ष गेले असते तर लोकांच्या खांद्यांवरून पाहिलं असतं. इतक्या जवळ कोण जाऊ देतंय?

तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत तेव्हा? काहीही चालेल.

चकोर२
रुमाल टाकून ठेवते. मुलाला क्लासला सोडून येते, मग लिहीन.

आळशी बोका
न्यूयॉर्कचा मेट ऑपेरा. १६ मार्च २०२० पासून रोज एक रेकॉर्डिंग फुकट दाखवायचे, पहिलं 'कार्मेन'. ऑपेरा या गोष्टीशी आमच्या घराचा काडीचा संबंध नव्हता. बाबांना ऐकू कमी येतं, ते खालच्या ओळी वाचत बसायचे आणि मध्येच "हिला सांगा कोणीतरी, तो माणूस बरा नाही" असं टीव्हीला बजावायचे. दुसऱ्या आठवड्यात सलग वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा लागले. त्यात बाबा झोपले ते झोपलेच.

खिडकीतली
बोका, बाबांना दंडवत _/\_

पाटीपेन्सिल
अगं, ते घरच्या घरी चित्र उभं करायचं चॅलेंज कुणी केलं का? एका डच खात्यावरून सुरू झालं, मग गेटी म्युझियमने उचललं. घरातल्या तीन वस्तू घ्यायच्या आणि एखादं प्रसिद्ध चित्र बनवायचं. मुलीला टॉवेल गुंडाळून 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' केली, ते सगळ्यांनीच केलं. पण आमच्या सासूबाई! खुर्चीत एका बाजूला तोंड करून बसवल्या, डोक्यावर पांढरा रुमाल, मांडीवर हात, झाली चित्रकार व्हिसलरच्या प्रसिद्ध चित्रातली त्याची आई. फोटो काढेपर्यंत विचारत होत्या, "हसू का?" नको म्हटलं तर रागावल्या, आणि तो रागावलेला चेहराच हुबेहूब जमला. अजून त्यांचा डीपी तोच आहे.

निळी शाई
हाहाहा, सासूबाई रॉक्स!

तिरकस
माझं मत वेगळं आहे, झोडपा हवं तर. त्या व्हर्च्युअल टूर म्हणजे डोक्याला ताप. बाणावर टिचकी मारली की आपण छताकडे बघतोय, दुसरी मारली की 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशा पाटीसमोर. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे आकार. 'नाइट वॉच' साडेचार मीटर रुंद, 'मोनालिसा' जेमतेम पाऊण मीटर उंच. फोनवर दोन्ही माझ्या तळहाताएवढी. नख्या दिसल्या हो, पण त्या चित्रासमोर आपण किती लहान होतो ते कळलं का?

निळी शाई
तिरकस, मुद्दा मान्य. पण तेव्हा पर्याय काय होता? चित्रकार राफाएलच्या पाचशेव्या स्मृतिवर्षाचं रोममधलं प्रदर्शन ५ मार्चला उघडलं आणि चारच दिवसांत बंद. थेट २ जूनला परत उघडलं. मधल्या काळात रोमकरांनाही ते पडद्यावरच बघावं लागलं.

अर्धा कप
सगळे घरात असताना चोर मात्र प्रत्यक्ष जाऊन आले :) हॉलंडमधल्या बंद असलेल्या सिंगर लारेन म्युझियममधून व्हॅन गॉगचं चित्र पळवलं. तारीख ३० मार्च, म्हणजे त्याचा वाढदिवस!

आळशी बोका
सापडलं ना ते? २०२३ मध्ये. एका साध्या निळ्या पिशवीत घालून परत दिलं म्हणे.

तिरकस
बघा. चोरालासुद्धा प्रतिमेवर भागवता आलं नाही.

खिडकीतली
आमची आई तेव्हा विलगीकरण वॉर्डात होती. भेटायला बंदी, बोललं की धाप लागायची. म्हणून मी तिला रोज एक चित्र पाठवायचे. मोनेची कमळं, बागा, डोंगर, शांत वाटेल असं. चारपाच चित्रं झाल्यावर तिचा मेसेज आला, "फुलं पुरे. माणसं पाठव. इथे सगळ्यांची तोंडं झाकलेली आहेत." मग पोर्ट्रेटं सुरू केली. हॉलबाइन, फ्रान्स हाल्स, मुघल लघुचित्रं, दिसेल तो चेहरा. हाल्सचे खिदळणारे लोक तिला फार आवडले. एका बाईबद्दल लिहिलं होतं, "ही आपल्या मावशीसारखी खोटं हसतेय." तेव्हा कळलं, आई सुधारतेय. आता ठणठणीत आहे, माझ्याशी भांडते रोज.

पाटीपेन्सिल
खिडकीतली, डोळ्यात पाणी आणि हसू एकदम. काकूंना नमस्कार सांग.

अर्धा कप
+१. "माणसं पाठव"... काय बोलल्या!

चकोर२
आले. माझा गाण्याचा क्लास ऑनलाइन होता. तानपुरा लावला की दोन सेकंदांत गायब! अ‍ॅपला तो एकसारखा आवाज पंख्याची घरघर वाटायचा आणि ते तो पुसून टाकायचं. लांब षड्ज लावला की तोही पुसला जायचा. गुरुजी म्हणायचे, "थांबलीस का?" मी इकडे दम धरून उभी. एकत्र गाणं तर विसराच, आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे एक ओळ त्यांनी, एक मी. पण त्यामुळेच एक झालं, गुरुजी पूर्वी माझ्या आवाजात आवाज मिसळून सांभाळून घ्यायचे, ते बंद झालं. माझं बेसूर मला पहिल्यांदा उघडंनागडं ऐकू आलं.

आळशी बोका
बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरा हाउसने जून २०२० मध्ये २,२९२ खुर्च्यांवर झाडं ठेवून मैफल केली होती, पुच्चिनीची रचना. श्रोत्यांमध्ये कुणी खोकलं नाही.

खिडकीतली
आणि ती झाडं नंतर आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. छान केलं ते.

अर्धा कप
@निळी शाई, ती नाइट वॉचची प्रतिमा अजून आहे का?

निळी शाई
आहे, आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांनी ७१७ गिगापिक्सेलची नवी टाकली. झोपेचं बघून घ्या.

मधमाशी
@चकोर२, अवांतर: आवाजाच्या सेटिंगमध्ये 'मूळ आवाज' असा पर्याय असतो, तो चालू कर. तानपुरा जात नाही.

चकोर२
मधमाशी, हे तेव्हा कुठे होतीस तू?!! गुरुजींना फॉरवर्ड करते, त्यांचे परदेशातले विद्यार्थी अजून असेच शिकतात.

मधमाशी
आणि त्यांना हेडफोन लावायला सांग, नाहीतर घुमतं.