कोलॅजेन विरघळत नाही, आधी तुटतं

एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) गुडघ्याच्या कूर्चेतलं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीतलं, कोलॅजेन साखरेसारखं विरघळवतात, असं वर एकाने लिहिलंय. तसं होत नाही. कोलॅजेन हे प्रथिन म्हणजे तीन पेडांची घट्ट वळलेली दोरी, बहुतेक एन्झाइमांना तिच्यात शिरकावच मिळत नाही. कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम मात्र तिन्ही पेड एकाच ठरलेल्या जागी, लांबीच्या साधारण पाऊण भागावर कापतं. मग ते तुकडे शरीराच्या उबेनेच उसवतात, त्यांचं जिलेटिन होतं आणि त्याचा फडशा दुसरी एन्झाइमं पाडतात. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थिजून थरथरतं ना, ते हेच जिलेटिन. तिथे तासन्‌तास उकळावं लागतं, इथे एक काप पुरतो!

आणि या कोलॅजिनेजला निव्वळ खलनायक ठरवू नका. १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर या संशोधकांना ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. शेपटीचे तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या धुरकट जेलवर ठेवले, तर तुकड्यांभोवतीचं जेल वितळून पारदर्शक झालं. पिल्लाची शेपटी जिरते ती यानेच. आपल्या शरीरात त्याला आवर घालणारी प्रथिनंही असतात. संधिवातात हा तोल बिघडतो आणि कूर्चा झिजत जाते.