क्वालिफाइंगला ‘पात्रता फेरी’ का म्हणायचं?

कोथरूड

फॉर्म्युला वनचा अबू धाबीचा वीकएन्ड आला. मोसमातली शेवटची शर्यत. शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणं, रविवारी साडेसहाला शर्यत. आमच्याकडे तीन पिढ्या टीव्हीसमोर बसतात, त्यामुळे समजावून सांगायचं खातं माझ्याकडे.

मागे एका रविवारी सकाळी मामींनी पेपरातली ओळ मोठ्याने वाचली, अमुक अमुक पात्रता फेरीत अकरावा. मग म्हणाल्या, “अरेरे, म्हणजे तुझा माणूस गेला की रे! मग मी भजनाला जाते.” गेल्याही. परत येऊन बघतात तर तो आपला मजेत गाडी पळवतोय. माझ्याकडे असं पाहिलं, जणू थाप मीच मारली होती.

यात मामींची काय चूक? पात्र आणि अपात्र ही जोडी आपण रेशनकार्डापासून ऐकत आलोय. अपात्र म्हणजे यादीतून नाव कटाप. इथे तसं काही होत नाही. तीन टप्पे असतात, पहिल्या दोन्हींत तळाचे गळतात आणि उरलेले दहा जण पोलसाठी, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेसाठी, भांडतात. पण गळलेलेही रविवारी मागच्या रांगांत उभे राहतातच. ठरतो तो फक्त क्रम.

दुसरं दुखणं ‘फेरी’चं. हे वाक्य बघा: “मोसमाच्या अखेरच्या फेरीतील पात्रता फेरीच्या दुसऱ्या फेरीत त्याची शेवटची फेरी संथ ठरली.” मुद्दाम रचलंय, पण व्याकरणाची चूक काढून दाखवा. त्यात रविवारी अबू धाबीच्या यास मरीना ट्रॅकवर ५८ फेऱ्या आहेत त्या वेगळ्याच. कुणाला बरा शब्द सुचतोय का? शनिवारच्या आत हवाय.

सदाशिव पेठ

‘क्रमनिश्चिती’. अर्थ नेमका, समास सरळ.

मात्र ‘पात्रता’ला सरसकट झोडपू नका. १०७ टक्क्यांचा नियम आहे. पहिल्या टप्प्यातल्या सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत यावं लागतं. म्हणजे ती वेळ ८० सेकंद असेल, तर तुमची ८५.६ च्या आत हवी. त्याबाहेर गेलात तर रविवारी पळायचं की नाही, हे पंचांच्या मर्जीवर. आपल्या नारायण कार्तिकेयनला २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी मोसमातल्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, याच नियमाने बाहेर बसवलं. तो खरोखरचा अपात्र. १९८९ साली तर ३९ गाड्या यायच्या आणि सुरुवातीला जागा २६. त्या काळी ‘पात्रता’ अगदी चपखल होतं. पुढे गाड्या घटल्या, इंग्रजी शब्दातला अर्थ विरळ होत गेला, नाव तेच राहिलं. आपण अजून जुन्या अर्थाचं भाषांतर वापरतोय, इतकंच.

आणि कृपा करून ‘ग्रँड प्रिक्स’ म्हणू नका. ग्रां प्री. फ्रेंच आहे ते, मोठं बक्षीस.

पिंपरी

‘क्रमनिश्चिती’ वाचून घरी नगररचना खात्याची नोटीस आल्यासारखं वाटलं. काका, रागावू नका.

आमच्या शॉपवर सोमवारी चहाला कोणी क्वालिफाइंगसुद्धा म्हणत नाही. “क्वाली बघितली का?” “क्वालीत माती खाल्ली राव.” “पोल मारला ना त्याने!” पोल हा शब्द घोड्यांच्या रेसमधून आलाय, आतल्या कडेच्या खांबावरून, हे मला कॅम्पात रेसकोर्सवर जाणाऱ्या एका सीनियरने सांगितलं. पॅडॉक, म्हणजे टीमांचा तळ, तोही तिकडचाच. तर गाडीवाल्यांनी घोडेवाल्यांचे शब्द उचलले, आपण त्यांचे उचलू. क्वाली छान आहे.

मंचर

घोडेवाल्यांचे शब्द चालतात, तर बैलवाल्यांचे का नको? तुमच्या पुण्यापासून साठेक किलोमीटरवर शब्द पडलाय. बारी.

आमच्याकडं बैलगाडा घाटात सोडतात. घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, वरंध घाट नव्हे. एका वेळी एकच गाडा. समोर दुसरा कोणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. निशाण पडलं, वर माईकवाला ओरडला “झाली, भिर्र्र्र”, की पोरं पहिलं विचारतात, किती सेकंद? सेकंदाच्या शंभराव्या भागावर नंबर जातो. या एका धावेला बारी म्हणतात. “आपली बारी कितवी?”, “बारी चांगली बसली.” आणि सगळ्यांत कमी वेळेत घाट मारणारा तो घाटाचा राजा.

आता तुमचं शनिवारचं बघा. रस्ता मोकळा मिळावा म्हणून जो तो अंतर राखून सुटतो, एक फेरी जीव खाऊन मारतो आणि घड्याळाकडं बघतो. ही बारीच की! पोलवाला तो घाटाचा राजा.

सदाशिव पेठ

कल्पना उत्तम, शब्दाबद्दल शंका. “अब तेरी बारी” ही हिंदी. मराठीत पाळी.

मंचर

पंढरपूरला दर्शनबारीत सहा-सहा तास उभा राहिलेला वारकरी हिंदी बोलतो का, काका? तमाशात ढोलकी फड वेगळा आणि संगीत बारी वेगळी, थिएटरात एकामागून एक पार्ट्या नाचतात ती. रांगही बारी, पाळीही बारी. तुमच्या ‘क्रमनिश्चिती’तला क्रम फुकटात आलाच की.

सदाशिव पेठ

दर्शनबारी ध्यानात आली नव्हती. शंका मागे घेतो. ‘ग्रां प्री’बद्दल मात्र ठाम आहे.

कोथरूड

दर्शनबारीने माझीही विकेट काढली. पण एक भेद ठेवू या. एका चालकाची घड्याळाशी लावलेली ती एक फेरी, म्हणजे बारी. “शेवटच्या बारीत तीन दशांश काढले.” तासाभराच्या आख्ख्या कार्यक्रमाला बारी म्हटलं तर पुन्हा ‘फेरी’सारखाच घोळ. त्याला पिंपरीकरांची क्वाली राहू दे. छापायला लाज वाटत असेल तर ‘बाऱ्या’ म्हणा: “शनिवारी बाऱ्या, रविवारी शर्यत.” मामींना हे वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे रविवारी सगळे असणार ना?”

‘घाटाचा राजा’ मात्र मी पोलला देणार नाही. घाटात राजा ठरला की विषय मिटला, इथे राजाला दुसऱ्या दिवशी पुन्हा पळावं लागतं. २०२१ ला याच अबू धाबीत पोल व्हेरस्टॅपेनचा होता. सुटल्यासुटल्या हॅमिल्टन पुढे गेला आणि मोसमाचं जेतेपद थेट शेवटच्या फेरीत फिरलं. त्याआधी दोघांचे गुण किती? ३६९.५ आणि ३६९.५.

पिंपरी

ते सेफ्टी कारमुळे, अपघात झाला की सगळ्यांच्या पुढे येते त्या गाडीमुळे, फिरलं! त्यावर अजून आमच्याकडे दोन टेबलं वेगळी बसतात. तिला काय म्हणायचं, तेही ठरवून टाका.

मंचर

ती शर्यत १२ डिसेंबरची. चार दिवसांनी, १६ तारखेला, सुप्रीम कोर्टानं बैलगाड्याला परवानगी दिली. २०१४ पासून बंद होता. आमच्याकडं त्या आठवड्यात गुलाल उधळला, तो व्हेरस्टॅपेनसाठी नव्हता.

सेफ्टी कारला घोडी म्हणा असं लिहिणार होतो. आमच्या गाड्याच्या पुढंही घोडी असती, सगळ्यांच्या म्होरं. पण जमायचं नाही. आमची घोडी बैलांनी अजून जोरात पळावं म्हणून असती. तुमची गाडी पुढं येती ती सगळ्यांना हळू करायला. असली घोडी घाटात आणली, तर मालक आधी घोडीवाल्याला धरतील.