विषय: रविवारची पेंटबॉल टुर्नामेंट, आणि डिसेंबरात पोरांना घेऊन येणाऱ्यांसाठी मास्कचं

फोंड्याहून

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात आपल्या मस्कतच्या मंडळाच्या या ईमेल लिस्टवर कोणीतरी विचारलं होतं की ख्रिसमसच्या सुट्टीत बरेच जण गोव्यात उतरतायत तर पोरांना बीच सोडून दुसरं काय दाखवता येईल, पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायचा खेळ, वगैरे आहे का. आणि नेमकं परवाच्या रविवारी माझा पुतण्या आणि त्याच्या वाड्यावरची पोरं पेंटबॉलच्या टुर्नामेंटला उतरली होती. मी आणि ही सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तिथेच होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मस्कत सोडून तीन वर्षं झाली पण ही लिस्ट काही सुटत नाही.

टीम म्हणजे दरवर्षी नरकासुर करतात तीच पाच पोरं. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळला, घरोघरचे फोव (पोहे) खाल्ले, दुपारपर्यंत झोपली आणि संध्याकाळपासून लगेच प्रॅक्टिस, नरकासुराच्या सांगाड्याचे उरलेले बांबू रोवून त्यांच्या आडून पळायची. सगळी हौशी पोरं, एक कॉलेजात, दोघं नोकरीला, स्वतःचं सामान कोणाकडेच नाही, सगळं भाड्याचं. मैदान डिचोलीच्या बाजूला, एक काजूची बाग, खाली तांबडी माती आणि चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) खडे, चारी बाजूंनी उंच जाळी, लपायला जुने टायर, पत्र्याची पिंपं आणि बांबूचे तट्टे. खेळ पाच विरुद्ध पाच, मधे एक झेंडा, तो उचलून समोरच्या टीमच्या टोकाला नेऊन टांगायचा. गोळी अंगावर कुठेही फुटली, अगदी बुटावर किंवा हातातल्या मार्करवर, म्हणजे गोळ्या झाडायच्या बंदुकीवर, जरी फुटली तरी बाद, न फुटता उडून गेली तर खेळत राहायचं. मार्करला गन म्हटलेलं त्या लोकांना अजिबात आवडत नाही, मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा दुरुस्त करून घेतलं.

मला वाटलं होतं रंग उडवायचा खेळ, शिमग्यासारखं. तसं नाहीये. गोळी साधारण 17 मिलिमीटरची, वजन जेमतेम 3 ग्रॅम, पण सुटते सेकंदाला 280 फुटांनी, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या वर. म्हणून डाव सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मार्कर क्रोनोवर तपासतात, वेग मोजायचं यंत्र, या मैदानावर 280 ची मर्यादा होती, आणखी कुठे 300 पर्यंत चालवतात. जेवणानंतर परत सगळ्यांना क्रोनोवर उभं केलं तेव्हा पोरं कुरकुरली, पण त्याचं कारण मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या पंचाने, नीट समजावून सांगितलं ते मला फार पटलं. बाटलीत कार्बन डायऑक्साइड असतो, बाटली उन्हात तापली की आतला दाब वाढतो आणि सकाळी 275 वर असलेला मार्कर दुपारी 300 च्या पुढे जातो. खरंच दोन मार्कर तसे निघाले, तिथल्या तिथे स्प्रिंग सैल करून खाली आणले.

दुसरी गंमत हवेची. गोळीचं कवच जिलेटिनचं, आपली कॉड लिव्हरची गोळी असते ना तसंच, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाऊस संपून महिना झाला तरी आपल्याकडे हवा कशी असते माहितीये, पापड सादळतो तशा गोळ्या सादळतात. मी हातात घेऊन पाहिली, बोटाने दाबली तर खळगा पडला आणि तो परत वर आलाच नाही. अशी फुगलेली गोळी नळीत अडकून आतच फुटते, मग नळी रंगाने माखते आणि पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाते. समोरच्या टीमने पिशव्या सकाळीच फोडून ठेवल्या होत्या, त्यांची दुपारी फार अडचण झाली. आमच्या पोरांनी मात्र घरातल्या पोह्यांच्या हवाबंद डब्यात भरून आणल्या होत्या आणि डावापुरत्याच बाहेर काढत होती, वहिनीने अख्खा डबा रिकामा करून दिला होता त्यासाठी.

आता खरं जे सांगायचंय ते. तिसऱ्या डावात पुतण्या एका तट्ट्यामागे गुडघ्यावर बसला होता, माझ्यापासून वीसेक पावलांवर, जाळीपलीकडे. मास्क भाड्याचा, एकाच काचेचा, आतून पूर्ण धुरकटलेला, त्याला समोरचं काही दिसत नव्हतं म्हणून त्याने हनुवटीखालून दोन बोटं घातली आणि मास्क वर उचलला, पुसायला, एवढंच. तेवढ्यात त्याच्या कानापासून दोन वितींवर तट्ट्यावर टप्पकन हिरवा डाग पडला. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मार्शलची शिटी झाली, सगळ्या मैदानावर सगळे जागच्या जागी, आणि तो मार्शल धावत येऊन आधी काय केलं तर तळहाताने पोराचा मास्क तोंडावर दाबून धरला आणि तसाच धरून त्याला जाळीबाहेर घेऊन आला. डाव गेला. पोरगा रडवेला झाला होता, मी काही बोललो नाही, माझेच हात गार पडले होते.

नंतर भाड्याच्या मास्कांचा ढीग बघितला. पट्ट्या सैल, आतला फोम निघालेला, काचांवर चरे. आयोजकांपाशी जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी बघू म्हणाले. तेव्हा माझं सगळ्यांना सांगणं एवढंच आहे की पोरांना जरूर न्या, पण मास्क आपले आपण घेऊन न्या, दुहेरी काचेचे. त्याला थर्मल लेन्स म्हणतात, दोन काचांमधे हवा असते म्हणून धुरकटत नाही, आणि दिसत असलं की मास्क उचलावासा वाटतच नाही.

फोंड्याहून
सर्वांना नमस्कार

मस्कतहून

दादा, वाचून अंगावर काटा आला. विचारलं होतं ते मीच 🙂 धाकटा 11 चा आहे, मोठी 15 ची, दोघांनीही घर डोक्यावर घेतलंय की जायचंच. धाकट्याला खेळू देतात का? लागतं किती, खरं सांगा. त्याला चष्मा आहे मग मास्कच्या आत चष्मा बसतो का? आणि तो रंग कपड्यांचा निघतो की नाही, सासूबाईंकडे राहणार आहोत, दगडावर धुवायला लागणार 😅

मडगावहून, काकू

सगळ्यांना आशीर्वाद.

मी या लिस्टवर फार लिहीत नाही पण हा विषय वाचल्यावर राहवेना. मी सत्तावीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होते हे जुन्यांना माहीत आहे. क्रिकेटचा सीझन बॉल साधारण 7 सेंटिमीटरचा असतो, तो तोंडावर आला तर आधी भुवईच्या आणि गालाच्या हाडाला लागतो, हाड मोडेल पण बुबुळ पुष्कळदा वाचतं. ही पेंटबॉलची गोळी पावणेदोन सेंटिमीटरची, डोळ्याच्या खोबणीत अख्खी मावते, म्हणजे हाड मधे येतच नाही, सगळा मार थेट बुबुळावर. त्याने पुढच्या भागात रक्त साचतं, भिंग सरकतं, पडदा सुटतो. आणि वरून बरं दिसलं तरी काचबिंदू कितीतरी वर्षांनी होऊ शकतो, म्हणून असा मार लागलेल्या माणसाने जन्मभर तपासणी करायची असते.

माझ्या वॉर्डात असा एक मुलगा आला होता. खेळताना नाही लागलं त्याला, डाव संपला म्हणून मास्क काढला आणि मित्राच्या हातात मार्कर तसाच होता, नळीला टोपी न घातलेला. त्याची आई पहिल्या रात्री मला सारखी विचारत होती की सिस्टर उद्या पट्टी काढल्यावर दिसेल ना. पट्टी काढल्यावर त्याला फक्त उजेड दिसला. मी त्या बाईचा चेहरा विसरलेले नाही.

म्हणून मुलांना दोनच गोष्टी पढवा. जाळीच्या आत असेपर्यंत मास्कला हात नाही, डाव संपला असला तरी नाही. आणि जाळीबाहेर पडताना नळीवर टोपी, स्वतःच्याही आणि शेजारच्याच्याही नळीकडे बघायचं. आणि कुठे लागलंच डोळ्याला तर चोळायचं नाही, धुवायच्या भानगडीत पडायचं नाही, वरून काही दाबून बांधायचं नाही, तसंच सरळ हॉस्पिटल.

— काकू

फोंड्याहून

काकू, नमस्कार. हे मी पुतण्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही पण मोबाईलवर मास्क शोधत बसला रात्री.

वहिनी, तुमची उत्तरं. धाकट्यासाठी वेगळं सामान येतं, 50 कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं माप), गोळी लहान आणि मार जरा कमी, मोठ्यांचं 68 चं असतं. जिथे 50 चं मिळेल तिथेच त्याला न्या, नसेल तर बाहेर बसवा, रडला तरी. लागतं, हो. पुतण्याच्या दंडावर आणि मांडीवर रुपयाएवढे वळ उठले, चार दिवस काळेनिळे होते. जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट, जीनची पँट, गळ्याला रुमाल, आणि गुडघ्याला पॅड पाहिजेच, गोळीपेक्षा आपला चिरा जास्त सोलतो. चष्मा आत बसतो, पण मास्क मोठ्या आकाराचा घ्यायचा, आणि दुकानात त्याचा चष्मा घालूनच लावून बघा, डोकं हलवलं तरी चष्मा नाकावरून घसरता कामा नये.

रंगाचं टेन्शन घेऊ नका, आतलं द्रव्य पाण्यात विरघळतं, हिने त्याच रात्री शर्ट साध्या पाण्यात भिजवला आणि सकाळी स्वच्छ. पूर्वी तेलाचा रंग असायचा आणि टर्पेंटाइन घेऊन बसायला लागायचं, कारण हे मार्कर मुळात खेळायचे नव्हतेच, जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर खूण करायला काढलेले. पहिला खेळ 27 जून 1981 ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधे झाला, बारा माणसं एका जंगलात, प्रत्येक जण एकटा, आणि जिंकला तो एक जंगलात काम करणारा माणूस, एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा करून आला. हे मी आमच्या टीमला सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, सगळी पिंपामागून धडाधड गोळ्या संपवणारी.

एक राहिलंच सांगायचं. आमची टीम हरली त्या शेवटच्या डावात समोरचा एक मुलगा झेंडा हातात घेऊन अर्ध्या वाटेवर होता, मार्शलचं लक्ष दुसरीकडे, आणि त्याच्या टाचेवर आमची गोळी फुटली होती. इतका बारीक डाग की जाळीतून मलाही दिसला नव्हता. तो थांबला, पाय वळवून बघितला, झेंडा खाली ठेवला आणि मार्कर डोक्यावर धरून 'हिट' ओरडत बाहेर गेला. बोटाने पुसला असता तर कोणाला कळलं नसतं. नंतर त्यांच्या दुसऱ्याने झेंडा नेला आणि ते जिंकलेच, पण हिने जाऊन त्या पोराला आमच्या डब्यातली करंजी दिली.

मस्कतहून, सेक्रेटरी

नमस्कार. आतापर्यंत सात कुटुंबांनी हात वर केलाय, मुलं अकरा. इथे दुकानात चौकशी केली, दुहेरी काचेचे मास्क आहेत, एएसटीएम एफ1776 असं छापलेले, पेंटबॉलसाठीचं ते मानक. पोहण्याचे गॉगल किंवा बांधकामावरचे चष्मे चालणार नाहीत, कृपया कोणी आणू नयेत. एकत्र घेतले तर जरा सवलत देतो म्हणाला. मास्क मंडळाच्या नावावर राहतील, सुट्टीनंतर परत जमा करायचे, काच काचेच्या स्प्रेने पुसायची नाही, लेप जातो, फक्त पाणी आणि मऊ फडकं.

प्रत्येकाने मुलाचं वय, चष्मा आहे की नाही आणि डोक्याचा घेर टेपने मोजून गुरुवारपर्यंत कळवा. काकू, 27 डिसेंबरला आम्ही सगळे मैदानावर जाणार आहोत, मुलं आत जायच्या आधी दहा मिनिटं तुम्ही बोलाल का? मडगावला गाडी पाठवतो.

मडगावहून, काकू

येते. गाडी नको, भाचा सोडेल. मास्क सगळ्यांचे मी स्वतः ओढून बघणार.