होझे जेम्सचा 'लीन ऑन मी': आदरांजली की नुसती उजळणी?

जुनी तबकडी

अमेरिकन जॅझ गायक होझे जेम्स माझा अत्यंत आवडता, म्हणूनच हे लिहिताना त्रास होतोय. २०१८ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने त्याचा 'लीन ऑन मी' हा अल्बम काढला. अमेरिकन गायक-गीतकार बिल विदर्सचं ते ऐंशीवं वर्ष, आणि अल्बममधली बाराच्या बारा गाणी विदर्सची. निर्माता डॉन वॉज, बासवर पिनो पॅलाडिनो, ड्रम्सवर नेट स्मिथ, कीबोर्डवर क्रिस बॉवर्स. लॉस एंजेलिसच्या कॅपिटल स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवलंय आणि ते ऐकू येतं. कच्चं काम कुठेच नाही.

तरी माझं मत असं की हा अल्बम नसता तरी काही अडलं नसतं. चाल तीच, लय जवळपास तीच, बासची ओळ तीच. 'यूज मी' लावा आणि डोळे मिटा. विदर्सच्या १९७२च्या रेकॉर्डवर फक्त गळा बदललाय असं वाटतं. आणि हे करणारा कोण? तीनच वर्षं आधी बिली हॉलिडे या जुन्या जॅझ गायिकेच्या गाण्यांचा अल्बम करणारा माणूस! तिथे 'स्ट्रेंज फ्रूट'साठी त्याने सगळी वाद्यं बाजूला ठेवली. स्वतःच्याच आवाजाचे एकावर एक थर आणि टाळ्या, बस्स. जमावाने मारून झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीयांच्या देहांचं ते गाणं राबणाऱ्या माणसांच्या हुंकारासारखं घुमायला लागलं. मी त्या रात्री दुसरं काही ऐकू शकलो नाही. ज्याला असं सुचतं त्याने विदर्सपुढे इतकं अंग चोरून का गावं?

मंद्रसप्तक

अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्याला अंग चोरणं म्हणताय ती मला शिस्त वाटते.

विदर्सची गाणी कशी घडली ते बघा ना. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणींच्या गावचा मुलगा, लहानपणापासून बोलताना अडखळणारा. नऊ वर्षं नौदलात काढली. मग विमानांची संडासं बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं. १९७१च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे! तेव्हा वय तिशीपार. अशा माणसाने शब्द मोजूनमापून वापरले तर नवल काय? 'एन्ट नो सनशाइन' जेमतेम दोन मिनिटांचं आहे. मधे ते 'आय नो' सव्वीस वेळा येतं, तिथे तो खरं तर आणखी ओळी लिहिणार होता. स्टुडिओतल्या मुरलेल्या वादकांनी सांगितलं, राहू दे असंच.

आता या गाण्यात 'स्वतःचं' काहीतरी घालायला गेलेल्या गायकांच्या आवृत्त्या आठवा. शेवटी शेवटी नुसता आरडाओरडा. जेम्सने तो मोह टाळलाय. मला तर यात त्याचं विदर्सवरचं प्रेम दिसतं.

देवासकर

मी जुनी तबकडी यांच्या बाजूने. आपल्याकडे कुमारजींनी बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या शब्दातच सगळं आलं. बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल त्यात नव्हती. त्या पदांत कुमारांना काय दिसलं, ते होतं. जेम्सला विदर्स काय उमजला, हे या अल्बममधून कळतं का? मला तरी नाही कळलं.

मंद्रसप्तक

देवासकर, तुलना सुरेख आहे पण इथे लागू होत नाही. नाट्यपदाच्या मागे राग उभा असतो. गायकाला हिंडायला अख्खं रान मोकळं असतं, बालगंधर्व स्वतःच एकेक पद किती वेळ रंगवायचे! 'यूज मी'च्या मागे काय आहे? दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोन गट, आणि एक ठेका. तो ठेका हेच ते गाणं. तो काढून घेतलात की हातात फक्त शब्द उरतात.

ढोलकीवाला

ठेक्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. विदर्सच्या मूळ १९७२च्या अल्बमवर ड्रम्स जेम्स गॅडसन वाजवतोय. 'किसिंग माय लव्ह'ची सुरुवात नुसत्या ड्रम्सने होते. ती दोन-चार आवर्तनं मी विद्यार्थ्यांना आधी ऐकवतो आणि मग काठ्या हातात देतो. गॅडसन लयीच्या किंचित मागे रेलून बसतो, घाई म्हणून नाही. नेट स्मिथ त्याच चौकटीत बसतो, पण स्नेअर या ड्रमवर बारीक, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके पेरत जातो. हेडफोन लावून ऐका. ही नक्कल नव्हे. तुम्ही सगळे गळ्याकडे बघताय म्हणून तुम्हाला फरक दिसत नाही. बाकी वादात मी पडत नाही.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत राहते. दोन मुद्दे, दोन वेगवेगळ्या बाजूंचे.

एक, ही गाणी बदल सोसत नाहीत हे खरं नाही. १९८७ साली क्लब नूवो या बँडने 'लीन ऑन मी' पार नाचायच्या ठेक्यावर नेलं, तेही पहिल्या क्रमांकावर गेलं आणि गीतकार म्हणून विदर्सला त्याबद्दल ग्रॅमी मिळालं. १९९६ साली मिशेल एनडेगेओचेलो या गायिकेने 'हू इज ही' गायलं. नवऱ्याने बायकोला विचारलेला संशयी प्रश्न तिने शब्द न बदलता बाईच्या तोंडून बाईला विचारला! एका झटक्यात गाण्याचं घरच बदललं. म्हणजे जागा असते. शोधावी लागते.

दोन, वेळेचंही बघा. १९६३च्या डिसेंबरमध्ये गायिका डायना वॉशिंग्टन गेली आणि पुढच्याच वर्षी अरीथा फ्रँकलिनने तिच्या गाण्यांचा अल्बम केला. तो मागे उरलेल्यांसाठी होता. विदर्स २०१८ साली जिवंत होता. १९८५नंतर त्याने नवा अल्बम केला नाही, त्या धंद्याकडे पाठ फिरवली ती कायमची. माझ्या मुलीच्या शाळेत 'लीन ऑन मी' समूहगान म्हणून बसवलं होतं आणि ते कुणाचं हे एकाही मुलाला माहीत नव्हतं. अशा वेळी कुणीतरी बारा गाणी जशीच्या तशी नीट मांडून ठेवली, त्याच्या डोळ्यांदेखत, हे मला मोलाचं वाटतं. ३० मार्च २०२० रोजी तो गेला. त्याच दिवसांत साथीमुळे घरात अडकलेली माणसं डॉक्टर-नर्सेससाठी हेच गाणं म्हणत होती.

जुनी तबकडी

अटलांटिकपार, दुसरा मुद्दा मनापासून मान्य. ढोलकीवाला, हेडफोन लावून ऐकलं. तुम्ही म्हणता ते आहे, मी घाईत निकाल दिला.

आणि एक कबुली. 'होप शील बी हॅपियर' काल रात्री दोन्ही आवृत्त्यांत ऐकलं. विदर्स ते गाताना जखम ताजी आहे. जेम्स खर्जात, इतका सावकाश उतरतो की जखम भरून बरीच वर्षं झालीत आणि तरी दुखतेय असं वाटतं. तिथे मी हरलो.

पण 'ग्रँडमाज हँड्स'चं काय? कार्नेगी हॉलच्या १९७२च्या कार्यक्रमात विदर्स ते गाण्याआधी आजीबद्दल बोलतो, तिच्या चर्चबद्दल, आणि माणसं हसता हसता गप्प होतात. ते हात त्याने पाहिलेत. जेम्स गातो तेव्हा सुरात असतं सगळं, पण ते हात मला दिसत नाहीत.

मंद्रसप्तक

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. त्या तिच्या नव्हत्या, तिच्या आजीकडून आलेल्या. चाल सुताएवढी बदललेली नसायची. म्हणून आम्हाला त्या परक्या वाटल्या नाहीत कधी.

जुनी तबकडी

ओवीत चाल तीच असते, पण प्रत्येक बाई आपल्या भावाचं नाव घालते. तुमच्या आजीनेही घातलं असेल. जेम्सने कुणाचं नाव घातलं, एवढंच मी या अल्बममध्ये शोधतोय. एका गाण्यात सापडलं. उरलेली अकरा पुन्हा ऐकायला घेतली आहेत.