लासोटा आणि बर्ड फ्लू

लासोटा दिला की बर्ड फ्लूची काळजी मिटली, असं काही कोंबड्या पाळणारे म्हणतात ते साफ चूक. लासोटा ही मानमोडीवरची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरची लस. ती जरूर द्या, पण बर्ड फ्लूचा विषाणू वेगळाच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्री फार्मवर बर्ड फ्लूची साथ निघाली, तेव्हा आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

हा रोग पसरवल्याचा सगळा दोष रानपाखरांवर ढकलला जातो, पण आमच्याकडे मला जास्त धास्ती वाटते ती आठवडी बाजारातून न विकता परत आलेल्या कोंबडीची. दिवसभर दहा गावच्या पाखरांत बसलेली, आणि संध्याकाळी थेट खुराड्यात! आम्ही तिला गोठ्यापलीकडे डालग्याखाली दोन-तीन आठवडे वेगळी ठेवतो. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी, आणि बाजारातल्या चपला खुराड्याकडे न्यायच्याच नाहीत. विष्ठा चिकटून येते ती त्यांनाच.