भीती वाटते, तरी नजर का हटत नाही?

रामबागेतली प्रेक्षक (इंदूर): नमस्कार. झी मराठीवर २०२० साली सुरू झालेली ‘देवमाणूस’ आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिली. किरण गायकवाड यांनी साकारलेला डॉक्टर अजितकुमार खुनी आहे हे ठाऊक असूनही, तो पडद्यावर नसला की सासूबाईंना चैन पडत नसे. हे आकर्षण कशातून निर्माण होते?

जुना इंदूरकर: ताई, गावाला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असते, हेच मला मुख्य कारण वाटते. ज्याच्यापुढे गाव हात जोडते, त्याच्याच दवाखान्यात विश्वासाने पाऊल टाकणाऱ्याला आपण थांबवू शकत नाही, आणि ती असहायता आपल्याला खिळवून ठेवते.

स्नेहलतागंज: मला ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतला गस फ्रिंग आठवतो. जियानकार्लो एस्पोसिटो यांनी रंगवलेला हा माणूस कोंबडीच्या पदार्थांची उपाहारगृहे चालवतो आणि ग्राहकांशी अत्यंत अदबीने वागतो. चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात मात्र तो आपल्या अमली पदार्थांच्या छुप्या प्रयोगशाळेत येऊन शांतपणे कपडे बदलतो, आपल्याच माणसाचा गळा चिरतो, हात धुतो, पुन्हा नीट कपडे घालतो आणि निघताना जेमतेम एक वाक्य बोलतो. आरडाओरडा करणारा खलनायक आपला राग तरी दाखवतो. याच्या मनाचा थांगच लागत नाही, म्हणून त्याची प्रत्येक हालचाल आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो.

रामबागेतली प्रेक्षक: मनापासून आभार. अजितकुमारच्या गोड बोलण्याचीच सासूबाईंना सर्वाधिक धास्ती वाटे, हे आता उमगले.